पुलाचे तीन पहिले दगड

मिरावाल, ३ नोव्हेंबर १८८२

फर्मिन,

हे पत्र मी स्वतः लिहितेय. गेली दोन वर्षं पाद्रीबाबांना सांगून लिहून घेत होते, पण ते माझ्या शिव्या गाळतात हे मला आत्ता कळलं. म्हणजे इतके दिवस तुला जी शांत, देवभोळी बहीण पत्रं पाठवत होती, ती मी नव्हे. अक्षराला नावं ठेवू नकोस. काका तुला शिकवायचे तेव्हा शेजारी बसून शेंगा सोलता सोलता जेवढं कानावर पडलं, तेवढंच माझं शिक्षण.

तू मंत्री झाल्याची बातमी गावप्रमुख स्वतः सांगायला आला. टोपी हातात घेऊन उभा होता, मला वाटलं कोणी मेलं. "एंग्रासियाबाई," म्हणाला, "जनरलसाहेबांना बांधकाम खातं मिळालं! सगळ्या देशातले रस्ते, बंदरं, पूल!" मग चर्चची घंटा बडवली. म्हाताऱ्यांना वाटलं पुन्हा युद्ध सुरू झालं, त्यांनी कोंबड्या आत घेतल्या.

पूल म्हटल्यावर माझे कान टवकारले. परवा सर्व संतांचा दिवस होता. एब्रो नदीला पूर. नावाडी मामेर्तोनं नाव सोडायला नकार दिला, आणि बरोबर केलं. मग अख्खं गाव काठावर उभं राहिलं आणि पलीकडच्या दफनभूमीकडे तोंड करून आम्ही इकडेच मेणबत्त्या लावल्या. वाऱ्यानं त्या विझत होत्या, आम्ही परत लावत होतो. आपली माणसं तिकडे आणि आपण इकडे चिखलात, असा सण झाला.

पाच वर्षांपूर्वी आईला पुरायला नेताना काय झालं ते तुला पत्रातून कळलं, मी डोळ्यांनी पाहिलं. नावेचा दोर तुटला, नाव कलंडली आणि आईची शवपेटी वाहत गेली ती गिरणीच्या बांधाला अडकली. गिरणीवाल्यानं आकडा लावून ओढली. तुझं फुलांचं चक्र रेशमी फीत लावून आलं, आठवडाभरानं. छान होतं.

आणि गेल्या युद्धात आपला पूल कार्लिस्ट बंडखोरांनी नाही उडवला, फर्मिन. त्यांना अडवायला म्हणून तू उडवलास. ते दुसऱ्याच रस्त्यानं गेले.

तेव्हापासून या पुलाचे तीन पहिले दगड बसवले गेलेत. एक तुझ्या विरोधी पक्षानं, एक गव्हर्नरसाहेबांनी, एक तू, निवडणुकीला उभा राहिलास तेव्हा. प्रत्येक वेळी बँड, प्रत्येक वेळी चांदीची थापी, प्रत्येक वेळी भाषण. दुसऱ्याचा पहिला दगड वापरायचा नाही म्हणून प्रत्येकाची जागा वेगळी. पहिले दगड तीन झाले, दुसरा एकही नाही.

मला मरायची घाई नाही. पण जाईन तेव्हा आईच्या शेजारी कोरड्या अंगानं जायचंय. एवढं काम कर, बाकी तुझ्या देशाचं काय ते बघ.

एंग्रासिया

---

माद्रिद, २६ नोव्हेंबर १८८२

प्रिय ताई,

पाद्रीबाबा तुझ्यापेक्षा चांगलं लिहायचे.

तुला वाटतं मी खुर्चीत बसलो की खाली पूल उगवतात. इथली तऱ्हा ऐक. मी आलो त्या दिवशी इथल्या रिवाजाप्रमाणे जुन्या सरकारची सगळी माणसं घरी गेली. सचिवापासून पट्टेवाल्यापर्यंत, एकूण एक. त्यांच्या जागी आमच्या पक्षाची आली, आणि त्यांना कुठलं कपाट कुठे आहे हेही माहीत नाही. जुने लोक समोरच्या कॉफीगृहात बसून आमचं सरकार पडायची वाट बघतात. मिरावालची फाईल मागवली तर कळलं की कपाटाला कुलूप आहे. किल्ली कुठे, म्हणून मी माझा सहायक कॉफीगृहात पाठवला. त्यांनी त्याला बसवून घेतलं, कॉफी पाजली आणि सांगितलं, "आम्ही परत येऊ ना, तेव्हा शोधून देऊ." शेवटी कपाट फोडलं. आत हिशेबाच्या कोऱ्या वह्या आणि कुणाचे तरी बूट होते.

ताई, मी मूठभर माणसं घेऊन एका दुपारी किल्ला घेतलेला माणूस आहे. मी "पुढे चला" म्हटलं की माणसं पुढे जायची, मरायची सुद्धा. इथे मी हुकूम दिला की सगळे उभे राहतात, मान लववतात आणि पुन्हा बसतात. परवा मी टेबलावर मूठ आपटली. दौत सांडली. मग दौत सांडल्याबद्दलचा अर्ज माझ्याच सहीला आला.

तुझा पूल होईल. पण पहिलाच पूल मी माझ्या गावाला दिला असं कोणाला म्हणू द्यायचं नाही. आधी दुसऱ्या दोन-चार गावांचे होऊ देत. माझ्या नावावर आजवर कशाचा डाग नाही, तो असल्या गोष्टीनं लागायला नको. उन्हाळ्यापर्यंत धीर धर. गिरणीवाल्याला माझा नमस्कार सांग.

तुझा फर्मिन

---

मिरावाल, १५ मार्च १८८३

नामदार मंत्रीमहोदय,

दुसऱ्या दोन-चार गावांचे पूल झाले असतील तर कळवावं, मी बघायला जाईन म्हणते. कोरडी जाता येईल अशी वाट मात्र सांग.

तुझा इंजिनिअर आला होता. भला माणूस. माझ्याकडे उतरला, परतलेल्या पावाचे मीगास दोन ताटं खाल्ले, वर द्राक्षं मागून घेतली. तीन दिवस नदी मोजली. मग मला विचारतो, "बाई, यातला पहिला दगड नेमका कुठला?" मी म्हटलं, तुमच्या पक्षाचा कुठला ते तुम्हीच ठरवा. त्यानं चित्र काढून दाखवलं. चार खांब, वर लोखंड. चित्रातला पूल इतका सुरेख होता की मी त्यावर कॉफीचा डाग पडू नये म्हणून भांडं उचलून धरलं.

तुझा दगड मात्र गेला. म्हणजे हरवला नाही. फेब्रुवारीच्या पुरानं उखडून वाळूत आणून टाकला होता, मामेर्तोनं खेचरानं ओढून माझ्या अंगणात आणून दिला. चांगला गुळगुळीत आहे, मी त्यावर कपडे धुते. "जनरल डॉन फर्मिन लासेरास यांच्या शुभहस्ते" एवढं कोरलंय, त्यातलं "शुभहस्ते" झिजत आलंय. शेजारणी विचारतात, भावाच्या नावावर चादरी आपटताना कसं वाटतं? मी सांगते, हलकं वाटतं.

मी बरी आहे. जिना चढताना धाप लागते, पण मुक्कामाला आलेल्या इंजिनिअरबरोबर मीही दोन ताटं खात होते, त्याचंच असेल.

एंग्रासिया

---

माद्रिद, २० मे १८८३

प्रिय ताई,

आनंदाची बातमी आहे आणि त्याहून मोठी दुसरी.

फाईल तयार झाली. नकाशा, खर्च, सगळ्यांचे शेरे. त्यासाठी मी काय काय केलं ते लिहीत नाही, तू हसशील. एका विभागप्रमुखाच्या मुलीच्या लग्नाला गेलो, नाचलोसुद्धा. ज्या माणसानं घोड्यावर असताना गुडघ्यात गोळी खाल्ली, त्यानं एका शेऱ्यासाठी नाचावं! पण झालं.

आता दुसरी. तेलेस्फोरो गावीन तुला आठवतच असेल. पलीकडच्या जिल्ह्यातला वकील, विरोधी पक्षाचा, केसाला तेल लावून येणारा. युद्धात माझी माणसं उपाशी होती तेव्हा हा सैन्याला बूट पुरवत होता आणि ते बूट पावसात विरघळत होते. तो परवा संसदेत उभा राहिला. म्हणतो, मिरावालच्या पुलाला आमचा पक्ष पाठिंबा देईल, यंदाच खर्च मंजूर करू, फक्त पूल दोन्ही पक्षांच्या नावे व्हावा आणि कमानीवर माझंही नाव जनरलसाहेबांच्या शेजारी यावं. वर हसला.

मी उठलो. मी म्हणालो, "तो पूल मी उडवला आणि तो मीच बांधीन. गावीनसाहेबांच्या पुलावर पाय ठेवायची वेळ माझ्यावर आली, तर त्याआधी मी एब्रोत उतरेन. हा सैनिकाचा शब्द आहे!" ताई, काय टाळ्या पडल्या! गॅलरीतल्या बायकांनी रुमाल हलवले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं, मी अजून जिवंत आहे.

वर्तमानपत्राचं कात्रण पाठवतोय. शब्दन् शब्द छापलाय. पुलाला थोडा वेळ लागेल इतकंच, पण तो स्वच्छ पूल असेल.

तुझा फर्मिन

---

मिरावाल, २ जून १८८३

फर्मिन,

कात्रण मिळालं. कागद जाड आहे, त्यात ऑलिव्ह बांधून मामेर्तोला दिले.

तुला गाढव म्हणायला मला पाद्रीबाबांची गरज नाही. यंदाच मंजूर होणार होता! यंदा! त्या तेलकट माणसाचं नाव कमानीवर आलं असतं तर काय नदीनं वर येऊन वाचलं असतं? गावात वाचता येणारी माणसं किती, मोजून बघ. बकऱ्या पुलावरून जातात तेव्हा नाव विचारत नाहीत.

तुला पूल नकोच आहे. तुला टाळ्या हव्यात. लहानपणी तू आईसाठी पाणी आणायला जायचास आणि वाटेत घागर डोक्यावर ठेवून सैनिकांसारखं चालून दाखवायचास. पोरं टाळ्या वाजवायची, घागर फुटायची आणि पाणी मी आणायचे. आजवर तेच चाललंय.

आणि एब्रोत उतरायची भाषा माझ्यासमोर करू नकोस. आई आधीच उतरून आली आहे.

मी आता नदीवर जात नाही. उतार नको वाटतो. डॉक्टरला बोलावलं होतं, तो पलीकडच्या गावचा, पाणी चढलं म्हणून आलाच नाही. काही झालेलं नाही, उगाच विचारत बसू नकोस. पूल कर. कुणाच्याही नावानं कर. सैतानाचं नाव दे.

एंग्रासिया

---

माद्रिद, ३ ऑगस्ट १८८३

ताई,

घाईत लिहितोय.

मी राजीनामा दिला. सरकारच्या प्रमुखानं माझ्या जुन्या रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांना मला न विचारता चारी दिशांना फेकून दिलं. ज्यांच्याबरोबर मी बर्फात झोपलो, ती माणसं! मी जाब विचारला तर म्हणतो, "जनरल, तुम्ही आपले रस्ते बघा." मला, रस्ते बघा!

तुझ्या पुलाची फाईल टेबलावर होती. सगळं पुरं झालेलं, फक्त माझी सही बाकी. लेखणी हातात घेतली होती, खोटं नाही सांगत. मग वाटलं, आज सही केली तर उद्या हाच माणूस म्हणेल की जनरल रागानं गेला खरा, पण जाता जाता स्वतःच्या गावाचं भलं करून गेला. लेखणी ठेवली आणि उठलो.

वाईट वाटून घेऊ नकोस. थोड्याच दिवसांत काही ऐकू येईल, घाबरू नकोस. चांगली माणसं तयार आहेत. मंत्री म्हणून अर्ज-विनंत्या करत नऊ महिने जे जमलं नाही, ते एका सकाळी होईल. मग तुझ्या पुलावर सही होईल ती त्याहून मोठ्या खुर्चीतून. पहिली सही तीच, शब्द देतो.

हे पत्र जाळून टाक.

फर्मिन

---

मिरावाल, २० ऑक्टोबर १८८३
(जनरल लासेरास, एल्वास, पोर्तुगाल)

फर्मिन,

पत्र जाळलं. त्याआधी दोनदा वाचलं, खरंच लेखणी हातात घेतली होतीस का ते बघायला.

तुझ्या बंडाची मोठी सकाळ वर्तमानपत्रात आली होती, कोपऱ्यात, बैलांच्या झुंजीच्या निकालाखाली. जिवंत आहेस आणि सीमेपलीकडे आहेस, एवढं कळलं. मी देवमातेपुढे मेणबत्ती लावली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तीन ताटल्या फोडल्या. आता बरं वाटतंय.

इकडचं ऐक. तुमचं सरकारही गेलं. कॉफीगृहातले तुझे मित्र परत आपापल्या खुर्च्यांवर बसले आणि तुझी माणसं कॉफी प्यायला गेली. परवा बांधकाम खात्याकडून गावाला छापील कागद आला. "आपल्या गावास नदी आहे काय? असल्यास कळवावे." गावप्रमुख रडकुंडीला आला. विचारत होता, काय उत्तर देऊ? मी म्हटलं, लिही, आहे, जनरलसाहेब तिच्यात उतरणार आहेत.

जिभेला हाड नाही माझ्या, माहीत आहे. पण एक सही, फर्मिन. तुझं नाव तू हजार कागदांवर लिहिलं असशील. एका कागदावर लिहिलं नाहीस आणि तोच आमचा होता.

लोकरीचे मोजे पाठवतेय. गुडघा जपून ठेव.

एंग्रासिया

---

एल्वास, ६ जानेवारी १८८४

प्रिय ताई,

मोजे मिळाले. डावा मोठा झालाय.

तुला खरं काय झालं ते सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही. पहाटे बराकीत गेलो. सैनिक रांगेत उभे. मी घोड्यावरून जाहीरनामा वाचला, चांगला होता, देश, न्याय, भाकरी सगळं होतं. त्यांनी जयजयकार केला. मला वाटलं, झालं. आता शेजारची छावणी सामील होईल, मग त्याच्या पुढची, असंच होत आलंय, मी तरुणपणी दोनदा पाहिलंय. दुपारपर्यंत तारेची वाट बघितली. कोणीच सामील झालं नाही. एका छावणीनं कळवलं की आम्ही सोमवारी विचार करू. मग एक सार्जंट माझ्याजवळ आला, सलाम ठोकला आणि विचारतो, "जनरलसाहेब, जेवण आज बंडाच्या आधी की नंतर?" कोणी हसलं नाही. खरोखरच विचारत होता तो.

मग मी सीमेच्या दिशेनं निघालो.

इथे एका शिंप्याच्या वरच्या मजल्यावर राहतो. खिडकीतून स्पेन दिसतो. रोज सकाळी दाढी करून, कोट घालून खिडकीत बसतो आणि चिडतो, दुसरं काम नाही. तू म्हणालीस ते टाळ्यांचं, ते मी विसरलो नाही. ते अन्यायाचं होतं. आणि खरं होतं. पण लिहू नकोस पुन्हा. त्या गावीनचं नावही लिहू नकोस, तो आता त्याच खात्यात माझ्या खुर्चीवर बसलाय असं वाचलं.

फर्मिन

---

मिरावाल, १५ सप्टेंबर १८८७

फर्मिन,

साडेतीन वर्षांत तुझं पत्र नाही, माझंही नाही. मी लिहीत नव्हते कारण जे लिहायचं होतं ते लिहू नकोस असं तू सांगितलं होतंस. पण आता झाकून ठेवण्यासारखं राहिलं नाही, ते गावाबाहेरच्या टेकडीवरून सुद्धा दिसतं.

पूल झाला.

गावीननं केला. चार खांब, वर लोखंड, अगदी तुझ्या इंजिनिअरच्या चित्रासारखा, चित्र तेच असणार. कमानीवर त्याचं नाव आहे, केवढाली अक्षरं, सोनेरी. उद्घाटनाला तो आला, दोन तास बोलला, तुझं नाव एकदाही घेतलं नाही. मग लोकांना म्हणाला, चला. आणि सगळे जागच्या जागी उभे. पुढे होईना कोणी. तुला वाटेल तुझ्या मानासाठी. नाही रे, भीती वाटत होती, तीन पहिल्या दगडांनंतर कोणाचा विश्वास बसेना.

मग मी निघाले. मधोमध दम लागला म्हणून कठड्याला धरून उभी राहिले. खाली पाणी चाललं होतं आणि माझे पाय कोरडे होते. मी रडले, फर्मिन, सगळ्या गावासमोर. गावीनला वाटलं त्याच्या भाषणामुळे. तसं समजू दिलं.

आईकडे जाऊन आले. आता हवं तेव्हा जाते, भाजी आणायला जावं तसं. मामेर्तोला पुलाचा राखणदार नेमलाय, पट्टा आणि टोपी मिळाली आहे, त्याच्या नावेत कोंबड्या राहतात.

तुला हे बोचणार. पण मी आनंदात आहे आणि तो तुझ्यापासून लपवायचा म्हटलं तर मला कोण उरलं?

एंग्रासिया

---

एल्वास, ९ ऑक्टोबर १८८७

ताई,

तुझे पाय कोरडे राहिले, छान झालं. त्या माणसाच्या लोखंडावर तू सर्वांच्या आधी चाललीस, हेही कळलं. पूल उडवणारा मी, नाचणारा मी, फाईल माझी, चित्र माझं, आणि कमानीवर बूटवाला.

माझा शब्द संसदेच्या कामकाजात छापलेला आहे. मी गरीब झालो, हद्दपार झालो, म्हातारा झालो. माझ्याजवळ तेवढा एक शब्द उरलाय. तो मी पाळीन. आता मिरावालला माझं येणं नाही.

पुन्हा लिहू नकोस.

जनरल फर्मिन लासेरास

---

नदीपलीकडची खानावळ, १ नोव्हेंबर १८९०, सकाळी

ताई,

दचकू नकोस. मी पलीकडच्या काठावर आहे.

सरकारची माफी मिळाली. घोषणा झाली त्या दिवशी मी शिंप्याचा निरोप घेतला. पाद्रीबाबांनी मला लिहिलं होतं की तू चार महिने अंथरुणावर आहेस. तुझ्या शिव्या त्यांनी यावेळीही गाळल्या असणार.

आईच्या कबरीवर फुलं ठेवली. गावातले खूप लोक आले होते, पुलावरून, मेणबत्त्या घेऊन. मला कोणी ओळखलं नाही. मग मी काठावर जाऊन नावेसाठी हाक मारली, परेडवर मारायचो तशी. टोपी घातलेला एक म्हातारा पुलावरून चालत आला आणि म्हणाला, "नाव कसली मागता? हा काय पूल." तो मामेर्तो होता. मला बघून त्यानं सलाम केला आणि मग रडला.

त्याला मी विचारलं, पाण्यातून चालत येता येईल का? म्हणाला, छातीपर्यंत पाणी आहे, साहेब, तुमच्या छातीच्या वर. त्याच्या हाती ही चिठ्ठी देतोय. गिरणीवाल्याकडे एखादी होडी आहे का, विचारून कळव. मी थांबतो.

फर्मिन

---

मिरावाल, त्याच दिवशी

गिरणीवाल्याकडे होडी नाही, असती तरी मी दिली नसती.

वय काय तुझं? बहात्तर? आणि खानावळीत बसून होडीची वाट बघतोस? मला खिडकीतून खानावळीचा धूर दिसतो. उठवून बसवलं मला, म्हणून दिसतो. सात वर्षं तू खिडकीतून स्पेन बघितलास, आता तुला मी बघते, मध्ये तीच नदी.

ये. पुलावरून ये. कोणी टाळ्या वाजवणार नाही आणि कोणी हसणार नाही.

ए.

---

खानावळ, दुपारी

ताई,

प्रयत्न केला. पहिल्या खांबापर्यंत गेलो. वर बघितलं. "तेलेस्फोरो गावीन" एवढाल्या अक्षरांत. परत फिरलो.

तुला कळणार नाही. माझ्याकडून सगळं काढून घेतलं त्यांनी, रेजिमेंट, खुर्ची, घर. तो शब्दही सोडला तर मग पुलावरून येईल तो कोण? एक लंगडा म्हातारा. त्याला तू ओळखशील का?

मामेर्तो म्हणतो, तुझे पाय सुजलेत आणि तू जेवत नाहीस. खरं का?

फर्मिन

---

मिरावाल, संध्याकाळ व्हायला आली

फर्मिन,

तुला एक सांगायचं राहिलं होतं. गवंड्यांनी मधल्या खांबात तिन्ही पहिले दगड घातलेत. तुझाही. नाव आतल्या बाजूला, म्हणून दिसत नाही. मी उभी राहून घालून घेतला. म्हणजे तो पूल जेवढा बूटवाल्याचा तेवढाच तुझा, वरचा त्याचा, खालचा तुझा. तुझा शब्द मोडत नाही. ये आता.

लंगड्या म्हाताऱ्याला ओळखेन का, विचारतोस. मी दुसऱ्या कोणाची वाट बघत नव्हते.

आणि यायचं नसेल तर तिथेच बस. मला त्या काठाला यायचंच आहे, फार दिवस लागायचे नाहीत. पुलावरून येईन, चौघांच्या खांद्यावरून, कोरड्या अंगानं, मनात होतं तशी. पण तेव्हा मी तुझ्याशी बोलणार नाही.

तुझी एंग्रासिया

---

खानावळ

ताई,

माझा दगड तुझ्या अंगणात आहे. तू त्यावर कपडे धुतेस, तूच लिहिलं होतंस. खोटं तुला लहानपणीही जमायचं नाही.

निघतोय. चष्मा काढून खिशात घालतो, म्हणजे कमानीवरची अक्षरं दिसणार नाहीत. मामेर्तो हात धरेल. त्याला माझ्याबरोबर चालायचंय, तेव्हा ही चिठ्ठी आणायला कोणी उरत नाही. ती मीच घेऊन येतोय.

फर्मिन